आधी तपासणी, मग सुई

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची. शेवटचे वर्ष आंतरवासितेचे, त्यानंतर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत नावनोंदणी, आणि मग परळच्या किंवा शिरवळच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेली तरुण डॉक्टर मंडळी एका दिवसात विद्यार्थ्यांची जबाबदार माणसे होतात. महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनावर डॉक्टरकडे येते. केसपेपर निघतो, रक्त आणि शेण प्रयोगशाळेत जाते, शंका आली तर शेजारी वरिष्ठ उभे असतात. मावळात डॉक्टर जनावराकडे जातो, तोही बहुतेकदा एकटा. प्रयोगशाळा जवळ नसते, वरिष्ठ फोनवर असतात आणि दरीत फोन लागेलच याची खात्री नसते. त्यात गोठ्याच्या दारातच पहिले वाक्य कानावर येते: ‘डॉक्टर, आधी एक सुई मारा, मग बघू.’ या पुस्तिकेत कामाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी बऱ्याच सूचना आहेत. फीपासून गमबुटापर्यंत, लसीकरणाच्या वेळापत्रकापासून शवविच्छेदनाच्या अहवालापर्यंत. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे आणि प्रस्तावनेत तोच सविस्तर मांडायचा आहे. नव्या पशुवैद्यकाने आपल्या भेटीचे मोल सुईवर ठरू देऊ नये. ते तपासणीवर, निदानावर आणि लेखी नोंदीवर ठरवावे, आणि हे पहिल्या महिन्यापासून करावे. कारण एकदा गावाला ‘येऊन सुई मारून जाणारा’ डॉक्टर अशी सवय लागली की ती मोडायला वर्षे जातात.

हा आग्रह कुठेही लागू पडेल. मावळात त्याची गरज जास्त आहे आणि त्याचे कारण भूगोलात आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून जास्त पाऊस पडतो. तिथून तळेगाव जेमतेम तीस किलोमीटर, पण तिथले पावसाचे मान त्याच्या निम्म्याहूनही बरेच खाली येते. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांत ठोकरवाडी, आंद्रा, वडिवळे, पवना असे जलाशय आहेत आणि त्यांच्या खाली-वर भाताची खाचरे. सह्याद्रीच्या माथ्याकडे गवळी-धनगरांच्या म्हशी, ठाकर आणि कातकरी वाड्यांवर शेळ्या-कोंबड्या, रस्त्यालगतच्या गावांत संकरित होल्स्टीन आणि जर्सी गाई, शर्यतीचे खिल्लार बैल, कंत्राटी पोल्ट्रीच्या शेड, आणि लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतली परदेशी जातींची कुत्री. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, त्यानंतर फार्महाऊस आणि दुसऱ्या घरांसाठी माळ-डोंगर विकले गेले, चराऊ राने आकसली आणि जी जनावरे उरली ती दावणीला आली. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच आठवड्यात, डॉक्टरला ओल्या डोंगरातले जंत आणि दावणीच्या गाईचे चयापचयाचे आजार दोन्ही भेटतात. इथे लक्षणे सारखी आणि कारणे निराळी असण्याची शक्यता फार मोठी आहे. ठरलेली सुई अशा प्रदेशात सर्वाधिक चुकते.

चपट्या कृमींचे उदाहरण घेऊ, कारण मावळासारख्या भातपट्ट्यात ते नेहमीचे आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षितही. यकृतातल्या चपट्या कृमीचे अर्धे आयुष्य गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत जाते. गोगलगाय संथ, उथळ पाण्यात वाढते. भाताचे खाचर, धरणाची काठाची दलदल, ओढ्याचा साचलेला डोह या तिच्या जागा. तिच्यातून बाहेर पडलेली कृमीची अवस्था काठच्या गवतावर चिकटून बसते. पावसाळा सरला की वरचे गवत वाळते, हिरवे राहते ते काठाचेच, आणि जनावरे नेमकी तिथे उतरतात. मग हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी म्हैस हळूहळू सुकते, दूध उतरते, डोळ्यांच्या आतली कड पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची मऊ सूज लोंबू लागते. मालक सांगतो की ‘अंगात ताकद नाही’. ताकदीची म्हणून यकृताच्या अर्काची आणि जीवनसत्त्वाची सुई दिली जाते, आठ-दहा दिवस बरे वाटते, पुन्हा घसरण. तीन-चार फेऱ्यांत मालकाचे जेवढे पैसे जातात त्याच्या एका अंशात शेणाची तपासणी झाली असती. या तपासणीला यंत्रसामग्रीही फार लागत नाही. शेण पाण्यात कालवायचे, गाळायचे, स्थिर होऊ द्यायचे, वरचे पाणी ओतून टाकायचे, असे तीन-चार वेळा केल्यावर तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. चपट्या कृमीची अंडी जड असल्याने तळाशीच सापडतात. गोल जंतांसाठी वापरतात ती तरंगवण्याची पद्धत इथे उपयोगी पडत नाही, आणि जंताचे सरसकट दिले जाणारे औषधही बहुतेकदा पडत नाही. निदान नक्की झाले की औषध नेमके निवडता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जनावराला काठावर कोणत्या महिन्यांत चारायचे नाही, हे सांगता येते. हा सल्ला कुठल्याच बाटलीत मिळत नाही.

तापाचेही तसेच. संकरित गाईला १०५ फॅरनहाइट ताप आहे, चारा सोडला आहे, दूध आटले आहे. पावसाळी मावळात या एका चित्रामागे निदान चार-पाच कारणे उभी असू शकतात. गोचिडांमार्फत येणारा थायलेरिया, लाल लघवी करायला लावणारा बबेसिया, त्याच वाटेने येणारा अॅनाप्लाझ्मा, चावणाऱ्या माश्यांचा सर्रा, आणि तीन दिवसांत बहुधा आपोआप उतरणारा तिवा. घटसर्प तर काही तासांचीच सवड देतो. थायलेरियाचे औषध महाग आहे आणि बबेसियावर ते चालत नाही. बबेसियाचे औषध थायलेरियावर चालत नाही. तिव्याला दोन्ही लागत नाहीत. कानाच्या टोकाला सुई टोचून काचेवर घेतलेला रक्ताचा पातळ लेप, तो रंगवण्याचे द्रावण आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यात यातल्या बऱ्याच शंका फिटतात. खांद्यापुढची आणि मांडीवरची गाठ हाताने चाचपली, लघवीचा रंग विचारला, कातडीवरचे गोचीड पाहिले, तर लेप वाचण्याआधीच अर्धी दिशा कळते. पहिल्या पगारातून काय घ्यावे, असे अनेक जण विचारतात. माझे स्पष्ट मत आहे: आधी सूक्ष्मदर्शक, मग बाकी सारे.

विणीनंतर खाली बसलेल्या गाईची गोष्ट याहून निकडीची आहे. गाय व्यायली, दुसऱ्या दिवशी उठत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक असते की ‘कॅल्शियम कमी झालंय, बाटली लावा’. बहुतेक वेळा ते खरेही असते. मान कुशीकडे वळलेली, कान थंड, नाकपुडी कोरडी, ताप नेहमीपेक्षा कमी, आणि शिरेतून हळूहळू दिलेल्या कॅल्शियमनंतर तासाभरात उभी राहणारी गाय पाहिली की डॉक्टरवर गावाचा विश्वास बसतो. पण तीव्र कासदाहाचे विष अंगात भिनलेली गायही अशीच बसते, तिचेही कान थंड पडतात, आणि विषबाधेने आधीच थकलेल्या तिच्या हृदयावर घाईने सोडलेली कॅल्शियमची बाटली तिचा जीव घेऊ शकते. फरक कशाने कळतो? चारही सडांतून दोन-दोन धारा तळहातावर काढून पाहिल्या तर. दूध पाण्यासारखे, रक्ताळलेले किंवा गाठींचे आले की निदान बदलले. मांडीचे हाड, कमरेचा सांधा, अवघड विणीत दबलेली नस, गर्भाशयात अडकलेली वार हे सगळे पाहायला दहा मिनिटे लागतात. कॅल्शियम देतानाही एक हात बाटलीवर आणि कान छातीवरच्या नळीला असायला हवेत. ठोके अडखळले की बाटली खाली. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहेच. तरी पुन्हा लिहावे लागते, कारण रात्री अकरा वाजता, विजेच्या एका पिवळ्या दिव्याखाली, आठ माणसे ‘लवकर लावा’ म्हणत असताना पाठ्यपुस्तक आठवत नाही. हाताला लागलेली सवय तेवढी कामी येते.

आधी तपासण्याची सवय डॉक्टरचा स्वतःचा जीवही वाचवते, आणि या मुद्द्यावर तडजोड नाही. गाय लाळ गाळते आहे, गिळत नाही, आवाज घोगरा झाला आहे. मालक सांगतो की घशात आंब्याची कोय किंवा कणीस अडकले असेल. नव्या उत्साहात डॉक्टर हात थेट घशात घालतो. हेच चित्र रेबीजचे असते. मोकाट कुत्री आणि जंगलाची कड दोन्ही जवळ असलेल्या तालुक्यात ‘अलीकडे कुत्रे चावले होते का, गावात पिसाळलेले कुत्रे फिरले होते का’ हा प्रश्न हात घालण्याच्या आधी यायला हवा. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस वाचत नाही, असेच व्यवहारात धरून चालावे. म्हणून नोकरीवर रुजू होण्याआधी प्रतिबंधक लसीचा क्रम पूर्ण करा. तो पूर्ण असला तरी संशयित जनावराशी संपर्क आल्यावर पुढचे डोस घ्यावेच लागतात, मात्र ते कमी लागतात. अडकलेली वार उघड्या हाताने काढणे म्हणजे ब्रुसेलाला आमंत्रण. तो आजार डॉक्टरला वर्षानुवर्षे येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी देऊन जातो. पावसाळ्यात जखमी पायांनी गोठ्यातल्या पाण्यात उभे राहणे म्हणजे लेप्टोस्पायराला. आणि अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल तर सुरी उघडायचीच नाही. ती फाशी असू शकते, आणि फाडलेले शव ती जमीन पुढच्या अनेक वर्षांसाठी दूषित करते.

आतापर्यंतचे पुरावे एकेका जनावराचे होते. सुईचा हिशेब गोठ्याबाहेरही लागतो. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारे लांब चोचीचे गिधाड हे त्याचे सगळ्यात कटू उदाहरण. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातल्या या गिधाडांची संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरावे तशी उरली. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण दाखवून दिले. ते होते डायक्लोफिनॅक, म्हणजे आपल्याच पिशवीतली वेदनाशामक सुई. ती टोचलेले जनावर मेले, त्याचे शव गिधाडांनी खाल्ले, आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद केले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात राहिल्या म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. मेलोक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय हाताशी आहे. मग गिधाडांचा घात कशाने झाला? दुष्टपणाने नव्हे. लंगडणाऱ्या, बसलेल्या, तापलेल्या प्रत्येक जनावराला न तपासता दिलेल्या त्याच एका सुईने झाला. प्रतिजैविकांच्या बाबतीत आपण आज त्याच वाटेवर आहोत. माणसांच्या अतिदक्षता विभागातले शेवटचे शस्त्र समजले जाणारे कोलिस्टिन कोंबड्यांना आणि जनावरांना दिले जात होते. २०१९ मध्ये ते थांबवावे लागले. औषधाच्या वेष्टनावर वेगळा कालावधी दिलेला नसेल तर नियमानुसार दुधासाठी आणि अंड्यांसाठी निदान सात दिवस, मांसासाठी निदान अठ्ठावीस दिवस थांबायचे असते. विषाणूजन्य तिव्याला विनाकारण प्रतिजैविक दिले आणि नियम पाळला, तर शेतकऱ्याचे आठवडाभराचे दूध वाया. पाळला नाही, तर ते दूध कुणाच्या तरी मुलाच्या पेल्यात. २०२२ च्या लम्पीच्या साथीत आणखी एक धडा मिळाला. विषाणूवर थेट औषध नव्हते, तरीही सुईची मागणी प्रचंड होती, आणि एकच सुई गोठ्यातल्या चार जनावरांना टोचणे म्हणजे आजार हाताने पुढे नेणे होते.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते खरे आहेत. पहिला आक्षेप पैशाचा. शेतकरी ‘नुसते बघायचे’ पैसे देत नाही, औषधाचे देतो, असे प्रत्येक खासगी डॉक्टर सांगतो. यात तथ्य आहे. अंदर मावळात खांडीपर्यंत जाऊन यायचे तर अर्धा दिवस आणि पेट्रोल दोन्ही जाते, आणि नव्या डॉक्टरच्या डोक्यावर बहुधा कर्ज असते. पण शेतकरी दिलेल्या पैशाचा मोबदला मागतो, आणि तपासणीचा मोबदला त्याला दिसत नाही, कारण आपण तो दाखवत नाही. ताप मोजला तर आकडा मोठ्याने सांगा. कोठीपोटाचे आंदोलन मोजताना मालकाला मूठ कुशीत दाबून ते स्वतः जाणवू द्या. शेणातली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली घरातल्या शाळकरी मुलीला दाखवा. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळते. भेटीची आणि प्रवासाची फी फोनवर निघण्याआधी सांगा, औषधाचा खर्च वेगळा लिहा. सोमवारी पवन मावळ, बुधवारी नाणे मावळ असे वार ठरवून फिरले तर प्रवासाचा खर्च पाच-सहा घरांत वाटला जातो. दूध संकलन केंद्र हे तर डॉक्टरचे सगळ्यात स्वस्त निदान केंद्र आहे. रोजच्या स्लिपवर लिटर, फॅट आणि एसएनएफ छापलेले असते. फॅट अचानक पडला, लिटर घसरले, हे गाय आजारी दिसण्याआधी तिथे दिसते. साबणासारख्या द्रावणात दूध फिरवून करायची कासदाहाची चाचणी केंद्रावर पन्नास गाईंची करता येते आणि छुपा कासदाह किती रुपये खातो आहे हे त्याच स्लिपवर मांडून दाखवता येते. शेतकरी हिशेबाला पक्का असतो. त्याच्यापुढे हिशेब ठेवला की तो तपासणीचे पैसे देतो. एकदम नाही, पण एका वर्षात देऊ लागतो.

या निमित्ताने विचारपूस कुणाला करायची तेही सांगायला हवे. डॉक्टर आला की अंगणात पुरुष जमतात आणि तेच बोलतात. गोठा मात्र बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो. कालपासून पान्हा उशिरा येतो, शेणाला वास येतो, रात्री गाय दात खाते, माज गेल्या वेळेला फक्त सकाळी दिसला, या सगळ्या गोष्टी तिला ठाऊक असतात. मावळात महिलांच्याच सभासदत्वावर चालणारी दूध कंपनी उभी राहिली, ही काही योगायोगाची गोष्ट नाही. ‘वहिनी, धार तुम्ही काढता ना? मग तुम्ही सांगा,’ एवढे एक वाक्य कित्येक निदाने सोपी करते. बुळकांडी हा गुरांचा भयंकर रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. पूर्व आफ्रिकेत त्याची शेवटची ठिकाणे शोधताना गुराख्यांना पद्धतशीर विचारणे हेच पशुवैद्यकांचे मोठे साधन ठरले होते. उत्तम लस हाताशी होती, पण ती कुठे टोचायची हे गुराख्यांच्या तोंडून कळत होते.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. ‘मी तपासत बसलो तर ते दुसऱ्याला बोलावतील, तो शंभर रुपयांत सुई मारून जाईल.’ भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि उपचार करण्याचा अधिकार तो नोंदणीकृत पशुवैद्यकाला देतो. पदविकाधारक पर्यवेक्षकांना ठरावीक लहान सेवा करता येतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. बेकायदा उपचारांविरुद्ध तक्रार जरूर करावी. पण कायद्याचा कागद दाखवून गाव जिंकता येत नाही. पर्यवेक्षक आणि कृत्रिम रेतन करणारे कार्यकर्ते त्या वाडीत वीस-वीस वर्षे फिरलेले असतात. कोणाची कालवड कितव्यांदा उलटली हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्याशी पहिल्याच महिन्यात भांडण काढणारा डॉक्टर आपली माहितीची वाट स्वतःच बंद करतो. त्यांनी पाठवलेल्या रुग्णाचे निदान त्यांना फोन करून कळवा, श्रेय द्या, आणि कोणती लक्षणे दिसली की थांबून तुम्हाला बोलवायचे ते ठरवून घ्या. शंभर रुपयांच्या सुईशी किमतीत स्पर्धा करायची नसते. जिथे ती सुई हरते तिथे उभे राहायचे असते: उलटणाऱ्या गाई, पोटातल्या तारा आणि प्लास्टिक, गर्भाशयाचा पीळ, वर्षभर न सुधारणारे गोठे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: वेळ. श्रेणी एकच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे उपचारांबरोबर लसीकरण, योजना, बिल्ले, अहवाल, बैठका सगळे असते. अशा दिवशी प्रत्येक जनावराची डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासणी ही चैन वाटते. आणि काही प्रसंगी ‘आधी तपासणी’ हा नियम मोडावाच लागतो. डावी कूस ढोलासारखी फुगलेली, जीभ बाहेर, श्वास कोंडलेला अशी गाय समोर असेल तर वायू आधी काढायचा, प्रश्न नंतर. रक्ताची चिळकांडी आधी दाबायची. पण असे प्रसंग मोजके असतात. उरलेल्या बहुसंख्य जनावरांत ताप, नाडी, श्वास, रवंथ, डोळ्याची कड, कास, लघवी-शेण या क्रमाला सवय झाल्यावर सहा-सात मिनिटे लागतात. दर वेळी त्याच क्रमाने केले तर काही सुटत नाही आणि वेळही वाढत नाही. जे उलगडत नाही ते औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येते. लोणावळा-पुणे लोकलच्या टप्प्यात राज्याची प्रयोगशाळा असणे हे भाग्य गडचिरोलीच्या डॉक्टरला नाही. मात्र नमुना बर्फात, सीलबंद आणि पूर्ण माहितीसह गेला पाहिजे. नुसती ‘गाय, ताप’ अशी चिठ्ठी लावलेल्या नमुन्यातून प्रयोगशाळेला फारसे काही शोधता येत नाही.

लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतले काम वेगळ्या तऱ्हेचे दिसते, तरी त्यालाही हेच लागू पडते. कुत्रे बंगल्यावर असते, मालक मुंबईत, आणि डॉक्टरसमोर उभा असतो तो माळी किंवा रखवालदार. कधीपासून खात नाही हे त्याला माहीत असते, खर्चाला होकार देण्याचा अधिकार त्याला नसतो. म्हणून मालकाशी फोनवर बोलून निदान, पर्याय आणि अंदाजे खर्च लेखी संदेशाने कळवावा, संमती लेखी घ्यावी. माणसाच्या औषधांचे काय काय दिले आहे हे न विसरता विचारावे. पॅरासिटामॉल मांजराला मारते, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात घात करते. शनिवार-रविवारी चॉकलेट फज खाल्लेली कुत्री येणे या गावात नवलाचे नाही. आणि जोडीला इथलेही गोचीड आहेतच.

सहीबद्दल थोडे. डॉक्टरच्या हातात सुईइतकीच ताकदीची दुसरी वस्तू पेन आहे. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी मान्यता दिली ती नियमांच्या चौकटीत, आणि त्या चौकटीत बैलांच्या आरोग्याचा दाखला पशुवैद्यकाचा असतो. मावळात शर्यत हा प्रतिष्ठेचा विषय आहे. घाटावर दाखल्यांचा गठ्ठा पुढे येईल, ओळखीची माणसे आग्रह करतील. न पाहिलेल्या बैलाचा दाखला देऊ नये. विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या कागदांनाही हेच लागू. शवविच्छेदन केले नसेल तर मृत्यूचे कारण लिहू नये. पहिल्याच हंगामात हे ठामपणे आणि सौम्य शब्दांत सांगितले की पुढच्या हंगामात आग्रह कमी होतो. न पाहता केलेली पहिली सही मात्र दर वर्षी परत मागितली जाते.

जनावर मरते तेव्हा काय करायचे, हे महाविद्यालयात फारसे शिकवले जात नाही. दोन गाईंच्या घरातली एक गेली तर त्या घराचे निम्मे उत्पन्न गेलेले असते, आणि दोष समोरच्या डॉक्टरवर येणे स्वाभाविक असते. ब्रिटनमधल्या अभ्यासांत पशुवैद्यकांमधले आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तिप्पट-चौपट आढळले आहे. या व्यवसायाचा ताण खरा आहे आणि तो लपवण्यात शौर्य नाही. ‘वाचण्याची आशा कमी आहे’ हे उपचार सुरू करतानाच सांगावे. शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरशी रोज नसले तरी आठवड्याला बोलावे. आणि त्या दिवशी काय पाहिले, काय विचार केला, काय दिले हे लिहून ठेवलेले असले की रात्री स्वतःला दोष देण्याऐवजी स्वतःची तपासणी करता येते.

म्हणून शेवटी नोंदवहीचे. आज बहुतेक गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो; त्या क्रमांकासमोर तारीख, गाव, लक्षणे, ताप, निदान, औषध, मात्रा आणि पंधरा दिवसांनी काय झाले एवढे लिहायचे. सरकारी संगणकात नोंद करावी लागतेच, पण ही वही निराळी. तिच्यात शंकाही लिहायच्या. दोन पावसाळ्यांनंतर तिच्यातून दिसू लागते की कोणत्या वाडीत चपटे कृमी दरवर्षी निघतात, कोणत्या गावात ब्रुसेलाची शंका घ्यावी इतके गर्भपात झाले, घटसर्पाची लस मे महिन्याऐवजी जूनअखेर पोचली तेव्हा कुठे जनावरे गेली. यावर एक शेवटचा आक्षेप येतो: सरकारी डॉक्टरची तीन वर्षांत बदली होते, मग एवढा खटाटोप कुणासाठी? उत्तर सोपे आहे. वही दवाखान्यात ठेवून जायचे, आणि तिची प्रत मागच्या डॉक्टरकडून आपणही मागून घ्यायची. या पुस्तिकेच्या अखेरीस कोऱ्या नोंदपानांचा नमुना दिला आहे. औषधांच्या मात्रांची यादी त्याच्याही नंतर आहे. ती आधी उघडावी लागली, तर मधले तपासणीचे प्रकरण एकदा पुन्हा वाचावे.